स्पर्शपरीक्षण शिकताना : बोटाखालचे हाड, सांधा आणि स्नायू ओळखण्याचा क्रम

फिजिओथेरपी शिकणारी मुले-मुली कोल्हापुरातल्या माझ्या दवाखान्यात सरावासाठी येतात, तेव्हा त्यांना स्नायूंची नावे, त्यांचे ओरिजिन आणि इन्सर्शन (स्नायू हाडाला जोडलेली दोन टोके) तोंडपाठ असतात. तरीही पालथ्या झोपलेल्या माणसाच्या कमरेवर चौथा मणका दाखवायला सांगितला, की चौघांची बोटे चार ठिकाणी टेकतात. बहुतेक जण थेट दुखऱ्या जागेवर बोट ठेवून सुरुवात करतात आणि हवे ते सापडले नाही की दाब वाढवतात. दाब वाढला की थोडेफार जाणवत होते तेही जाणवेनासे होते. हाड आधी, त्यानंतर सांधा, मग स्नायू आणि सर्वांत शेवटी दुखरी जागा, हा क्रम मोडला की पुढचे सगळे अंदाजावर चालते. म्हणून हा क्रम येथे सविस्तर देत आहे.

## तयारी

हात. तळहात आपल्याकडे करून पाहिल्यावर बोटांच्या टोकांपलीकडे नखे दिसता कामा नयेत. थंडीच्या सकाळी हात गार असतात. गार हात लागताच स्नायू आखडतो आणि ते आखडणे आजाराचे आहे असा गैरसमज होतो. कोमट पाण्याने हात धुऊन पूर्ण कोरडे करा. पावसाळ्यातल्या दमट हवेत हात चिकट होतात, म्हणून सुती नॅपकिन जवळ ठेवा.

तेल. स्पर्शपरीक्षणाच्या वेळी तेल किंवा मलम नको. आपल्याकडे पुष्कळ रुग्ण घरून तेल चोळूनच येतात. ते आधी कोरड्या कापडाने पुसून घ्यावे. तेलामुळे बोट त्वचेवरून घसरते, आणि आपल्याला तर त्वचेला धरून, त्वचेसकट बोट खालच्या थरावर सरकवायचे असते. हा फरक नीट समजला नाही तर पुढचा एकही टप्पा जमणार नाही.

जागा. टेबलाची उंची अशी असावी की हात ठेवल्यावर तुमचे कोपर किंचित वाकलेले राहील आणि खांदे वर उचलले जाणार नाहीत. पालथ्या रुग्णाच्या पोटाखाली पातळ उशी आणि घोट्यांखाली गुंडाळी द्यावी. उजेड बाजूने यावा, म्हणजे हाडांच्या कडांची सावली पडते आणि अर्धे काम डोळेच करतात.

संमती. काय करणार आहोत हे आधी सांगावे, विचारावे आणि होकार आल्यावरच हात लावावा. “काकू, मानेच्या मागच्या हाडावर बोट ठेवून बघते, चालेल ना? दुखलं तर लगेच सांगा,” एवढे वाक्य पुरते. जेवढा भाग तपासायचा तेवढाच उघडा ठेवावा, बाकी चादरीने झाकावा. विद्यार्थी मुलगा आणि रुग्ण स्त्री असेल, तर खोलीत दुसरी स्त्री असलीच पाहिजे. सराव वर्गमैत्रिणीवर असला तरीही यात सूट नाही.

> सावधान : एकच पोटरी सुजली असेल, गरम आणि दुखरी असेल, तर ती दाबू नका, शिरेत रक्ताची गाठ असू शकते आणि अशा रुग्णाला त्याच दिवशी डॉक्टरांकडे पाठवावे. नुकताच मार लागून हाड मोडल्याची शंका असेल, तापासह सांधा लाल झाला असेल, किंवा कारण न कळलेली गाठ असेल, तरीही थांबा. कंबरदुखीसोबत लघवी-संडासवरचा ताबा गेला असेल किंवा जांघेत बधिरपणा असेल, तर वेळ न दवडता रुग्णालयात पाठवा. हाडे ठिसूळ झालेल्या वृद्धांच्या बरगड्यांवर आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांवर खोल दाब देऊ नये.

## टप्पा 1 : बोटांना सवय लावणे

बोटाच्या टोकाने टोचायचे नाही. तर्जनी आणि मधल्या बोटाच्या पेराचा मऊ, मांसल भाग वापरायचा. सूक्ष्म स्पर्श ओळखण्याची क्षमता तेथे सर्वाधिक असते. तेथे 2 ते 3 मिलिमीटर अंतरावरचे दोन बिंदू वेगळे जाणवतात. पाठीच्या त्वचेला तेच अंतर साधारण 30 ते 40 मिलिमीटर लागते. त्वचेची उष्णता पाहण्यासाठी मात्र बोटांची मागची बाजू घ्यावी.

रोज पाच मिनिटांचा सराव असा : डोक्याचा एक केस वहीच्या पानाखाली ठेवा, डोळे मिटा आणि बोटाने तो शोधून त्याची दिशा सांगा. जमले की आणखी एक पान वाढवा. काही पानांनंतर केस हरवतो आणि हात आपोआप जोर लावतो. त्या क्षणी डोळे उघडून नखाकडे पाहा. नख पांढरे पडले असेल तर दाब गरजेपेक्षा जास्त झाला आहे. दाब निम्मा करा आणि वेग आणखी कमी करा; अनेकदा हरवलेला केस तेवढ्याने परत सापडतो.

त्यानंतर स्वतःच्या हातावर या. कोपराखालच्या आतल्या बाजूला बोट अगदी हलके ठेवून फक्त त्वचा हलवा. थोडा दाब वाढवला की त्वचेखालचा मऊ थर लागेल, आणखी थोडा वाढवला की स्नायूची घडण लागेल, आणि बोट करंगळीच्या बाजूला नेले की अल्ना हाडाची लांब कड लागेल. प्रत्येक थरावर तीन श्वास थांबा. थरांवरून घाईने थेट हाडावर जाणारा विद्यार्थी स्नायू कधीच ओळखू शकत नाही.

## टप्पा 2 : हात लावण्याआधी पाहणे

हा टप्पा छोटा आहे, पण वगळला जातो तो हाच. रुग्ण उभा असताना मागून, पुढून आणि बाजूने पाहा : खांद्यांची उंची, स्कॅपुलाच्या, म्हणजे खांद्यामागच्या पात्याच्या, कडा, कमरेच्या दोन्ही बाजूंची पोकळी, गुडघ्याच्या वाट्यांची दिशा, त्वचेचा रंग, सूज, जुने व्रण. गुजरीत, म्हणजे सराफ बाजारात, वर्षानुवर्षे मान खाली घालून बसणाऱ्या सोनाराची मान पुढे झुकलेली असते आणि मानेच्या मुळाशी उंचवटा दिसतो. तालमीतल्या पैलवानाच्या मानेत मणके दिसतच नाहीत. दोघांत खूण शोधण्याची पद्धत एकच असली, तरी किती खोल जावे लागेल याचा अंदाज या पाहण्यातूनच येतो.

## टप्पा 3 : हाडांच्या खुणा

सर्वाधिक वेळ येथे द्यावा, कारण स्नायू, नसा (म्हणजे मज्जातंतू) आणि सांधे हाडांच्या आधारानेच सापडतात. बोट हाडावर आहे की घट्ट स्नायूवर अशी शंका आली, तर त्या भागाची हालचाल करून पाहावी : हाड कठीणच राहते, स्नायूचा पोत बदलतो.

मानेचा सातवा मणका. रुग्णाला खुर्चीवर बसवून मान पुढे झुकवायला सांगा. मानेच्या मुळाशी मणक्यांचे मागचे काटे, म्हणजे स्पायनस प्रोसेस, वर येतात. त्यांतल्या सर्वांत ठळक दोन काट्यांवर एकेक बोट ठेवा. आता मान सावकाश मागे न्यायला सांगा. वरच्या बोटाखालचा काटा पुढे सरकून नाहीसा झाल्यासारखा वाटला आणि खालचा तसाच राहिला, तर वरचा सी 6 आणि खालचा सी 7. (सी म्हणजे मानेचे, टी म्हणजे पाठीचे, एल म्हणजे कमरेचे आणि एस म्हणजे त्याखालच्या त्रिकास्थीचे मणके; आकडा हा वरून मोजलेला क्रम.) दोन्ही काटे जागीच राहिले तर तुम्ही एक मणका खाली आहात. बोटे एकेक घर वर घेऊन पुन्हा करा. ठळक काटा म्हणजे सी 7 हे गृहीत धरू नये, कारण काही माणसांत टी 1 अधिक ठळक असतो.

माझ्या सुरुवातीच्या दिवसांत एक तरुण पैलवान “डॉक्टर, हितं लचक भरल्या” म्हणून खांद्यांच्या मधोमध हात दाखवत आला होता. सोबतच्या चिठ्ठीत टी 4 लिहिले होते. त्याच्या मानेच्या मुळाशी ट्रॅपिझियस, म्हणजे मानेपासून पाठीवर पसरलेला स्नायू, इतका जाड होता, की एकच काटा हाताला लागला. मी त्याला सी 7 मानले आणि तेथून खाली मोजत गेले. मान मागे नेऊन पडताळा घेतला नाही. तिसऱ्या दिवशी एका वरिष्ठ सहकाऱ्यांनी माझे बोट तसेच ठेवून त्याला मान मागे न्यायला लावली, तेव्हा बोटाखाली काहीच हलले नाही, आणि वरच्या मांसल भागात थोडे खोल गेल्यावर खरा सी 7 सापडला. म्हणजे मी टी 1 पासून मोजत होते आणि तीन दिवस टी 5 वर काम करत होते. मुलाने एका शब्दानेही तक्रार केली नाही, म्हणून मला ते जास्त लागले. तेव्हापासून मोजणीची सुरुवात दोन मार्गांनी पक्की केल्याशिवाय मी पुढे जात नाही.

पाठीचा वरचा भाग. रुग्ण हात बाजूला सोडून उभा किंवा बसलेला असेल, तर स्कॅपुलाच्या आडव्या कण्याचे आतले टोक साधारण टी 3 च्या पातळीवर येते आणि खालचा कोन टी 7 च्या आसपास येतो. “आसपास” हा शब्द लक्षात ठेवा. काहींत तो एक-दोन मणके खाली असतो. विद्यार्थी ही खूण उभ्या माणसावर शिकतात आणि पालथ्या, हात टेबलाखाली सोडलेल्या माणसावर वापरतात. हात हलला की स्कॅपुला सरकते आणि पातळी बदलते. म्हणून सी 7 पासूनची मोजणी आणि स्कॅपुलाचा कोन, असे दोन्ही धागे जुळतात का ते पाहावे. पाठीच्या मधल्या भागातले काटे खाली उतरलेले असतात. तेथे काट्याचे टोक सापडले तरी त्याच मणक्याचे आडवे प्रोसेस, म्हणजे बाजूला निघालेले टोक, त्याहून वर असते. बरगडीचा सांधा शोधताना ही गोष्ट हमखास चुकते.

कंबर. तळहात आडवे धरून दोन्ही बाजूंनी कमरेच्या हाडाच्या वरच्या कडेवर या आणि अंगठे मध्यभागी आणा. ही रेषा पुस्तकात एल 4 च्या काट्यावर किंवा एल 4 आणि एल 5 यांच्यामधल्या फटीवर दाखवलेली असते. हाताने मात्र ती बहुधा वरच लागते, कारण कडेवरची चरबी आणि त्वचा हाताला वर ढकलते. स्थूल माणसात हा फरक आणखी वाढतो. त्यामुळे खालूनही यावे लागते. नितंबाच्या वरच्या भागात दिसणारी खळगी ही जवळची खूण आहे, तेच हाड नव्हे. खळगीच्या किंचित खाली अंगठे ठेवून खालून वर हुकासारखे लावले, की मागच्या इलियाक काट्याची, म्हणजे पीएसआयएसची, खालची कड अंगठ्याला अडते. दोन्ही पीएसआयएस जोडणारी रेषा एस 2 वर येते. तेथून वर मोजत एस 1, एल 5 आणि एल 4 पर्यंत जावे.

> पडताळा : वरून आलेला एल 4 आणि खालून आलेला एल 4 एकाच जागी आला का? नसेल तर दोन्ही मोजण्या पुन्हा करा. दोघांच्या मधली जागा सोयीने निवडू नका.

खांदा. स्कॅपुलाचा आडवा कणा बाहेरच्या दिशेने धरत गेलात की अॅक्रोमिऑनचा, म्हणजे त्या कण्याच्या बाहेरच्या टोकाचा, कोपरा लागतो. पुढून कॉलर बोन धरून बाहेर आलात की अॅक्रोमिऑनला मिळताना एक छोटी पायरी जाणवते. तो एसी सांधा. कॉलर बोनच्या बाहेरच्या तिसऱ्या हिस्स्याखाली साधारण अडीच सेंटीमीटरवर कोरॅकॉइड, म्हणजे स्कॅपुलाचे पुढे आलेले टोक, लागतो. तो निरोगी माणसातही दुखरा असतो, त्यामुळे तेथे “आई गं” ऐकू आले म्हणून निदान करू नये. दुसरी बाजूही तेवढ्याच दाबाने पाहावी. कोपर काटकोनात वाकवून हात आत-बाहेर फिरवला, की खांद्याच्या पुढच्या बाजूला ठेवलेल्या बोटाखाली एक उंचवटा, मग खाच, मग दुसरा उंचवटा जातो. ती खाच बायसेप्सच्या टेंडनची, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोरीची. येथे बोट स्थिर ठेवायचे आणि हाड फिरवायचे. विद्यार्थी नेमके उलट करतात.

छाती. गळ्याखालच्या खाचेतून मधल्या हाडावर साधारण 5 सेंटीमीटर खाली आलात की आडवी कड लागते. तिच्या दोन्ही बाजूंना दुसरी बरगडी असते. पुढची मोजणी तेथून सुरू करावी. पहिली बरगडी कॉलर बोनखाली लपलेली असल्यामुळे तिच्यापासून मोजणे फसते.

## टप्पा 4 : सांध्याची फट

फट शोधायची ती हालचालीने. गुडघ्याचे उदाहरण घेऊ, कारण पेठापेठांच्या फुटबॉलमुळे येथे गुडघे तपासायला कमी मिळत नाहीत. रुग्णाला टेबलाच्या कडेवर बसवून गुडघा 90 अंशांत वाकलेला ठेवा. वाटीखालून नडगीकडे जाणाऱ्या जाड टेंडनच्या दोन्ही बाजूंना मऊ खोलगटपणा लागतो. अंगठे तेथे ठेवा. अंगठा खाली नेला तर नडगीच्या हाडाची सपाट कड लागते, वर नेला तर मांडीच्या हाडाचा गोलावा, आणि दोहोंच्या मधली फट म्हणजे सांधा. आता पाऊल आत-बाहेर फिरवायला सांगा. खालची कड अंगठ्याखाली फिरते, वरचा गोलावा जागेवर राहतो. दोन्ही एकत्र हलल्यासारखे वाटले तर बोट फटीवर नाही. फट सापडल्यावर बोट तिच्याच कडेने आतल्या आणि बाहेरच्या बाजूला न्यावे, उडी मारून नव्हे.

मनगटात रेडियसचे, म्हणजे अंगठ्याच्या बाजूच्या हाडाचे, टोक अल्नाच्या टोकापेक्षा साधारण 1 सेंटीमीटर पुढे, म्हणजे बोटांच्या दिशेने असते. घोट्यात बाहेरचे हाड आतल्यापेक्षा खाली आणि थोडे मागे असते. कोपर सरळ असताना दोन्ही बाजूंचे उंचवटे आणि मागचे टोक एका रेषेत येतात, 90 अंशांत वाकवले की त्यांचा त्रिकोण होतो. हे संबंध जुळले नाहीत तर आधी आपले बोट तपासावे, नंतर रुग्णाचा सांधा.

## टप्पा 5 : स्नायू

स्नायू शोधण्याचा क्रम असा : त्याची दोन्ही टोके हाडांवर ठरवा, मधल्या भागावर तंतूंना आडवी बोटे ठेवा, रुग्णाला त्या स्नायूचेच काम अगदी हलके करायला सांगा आणि लगेच सोडायला सांगा. घट्ट, सैल, घट्ट, सैल असे चार-पाच वेळा झाले, की स्नायूच्या कडा शेजाऱ्यांपासून वेगळ्या होतात.

नेहमीची चूक म्हणजे “जोर लावा” असे सांगणे. जोर लावला की आजूबाजूचे सगळे स्नायू घट्ट होतात आणि वेगळे काहीच सापडत नाही. “एका बोटाच्या ताकदीने ढकला” असे सांगावे.

लेव्हेटर स्कॅपुली या मानेपासून स्कॅपुलापर्यंत जाणाऱ्या स्नायूचे उदाहरण पाहा. मान आखडली म्हणून येणाऱ्यांत तो वारंवार दुखरा सापडतो, पण ट्रॅपिझियसच्या खाली असल्यामुळे विद्यार्थी ट्रॅपिझियसच दाबत बसतात. रुग्णाला हात पाठीमागे, कमरेच्या खळग्यात ठेवायला सांगा. त्याने ट्रॅपिझियसचा वरचा भाग बराच सैल पडतो. स्कॅपुलाच्या आतल्या वरच्या कोपऱ्यावर, किंचित वर, बोटे आडवी ठेवा आणि खांदा अगदी थोडा, छोट्या झटक्यांनी वर उचलायला सांगा. बोटाखाली करंगळीएवढी दोरी ताणली गेल्यासारखे वाटते. तिचा माग काढत मानेच्या बाजूने वर, वरच्या चार मणक्यांच्या आडव्या प्रोसेसच्या दिशेने जा. माग मध्येच तुटला तर मागे येऊन पुन्हा सुरू करा.

पोटरीतही अशी युक्ती आहे. गुडघा वाकवून पावलाचा पंजा खाली ढकलायला सांगितला, की वरचा स्नायू गॅस्ट्रोक्नेमियस सैल राहतो आणि दोन्ही बाजूंना त्याखालचा सोलियस घट्ट झालेला लागतो; गुडघा सरळ असताना दोघेही काम करतात. मनगटाच्या पुढच्या बाजूचा पामारिस लाँगस हा स्नायू शोधताना मात्र फार वेळ घालवू नका. अंगठा आणि करंगळी जुळवून मनगट वाकवले तरी टेंडन उठला नाही, तर त्या माणसात तो नसूही शकतो.

## टप्पा 6 : नसा आणि नाड्या

या सापडाव्यात म्हणून शिकायच्या असतात, त्याहून जास्त त्या टाळता याव्यात म्हणून. कोपराच्या आतल्या उंचवट्यामागे अल्नर नस, आणि गुडघ्याच्या बाहेर फिब्युला या नडगीशेजारच्या बारीक हाडाच्या मानेभोवती पेरोनियल नस अगदी वरवर असते. बोट लागताच झिणझिण्या आल्या तर बोट उचला, घासू नका. घोट्याच्या आतल्या हाडामागे आणि पावलावर नाडीचा ठोका पाहायला शिका.

> सावधान : गळ्याच्या पुढच्या बाजूला दोन्हीकडे एकाच वेळी कधीही दाबू नका, कॅरोटिड या मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीवरच्या दाबाने माणूस बेशुद्ध पडू शकतो. कॉलर बोनच्या वरच्या खळग्यात खोल जाऊ नका, फुप्फुसाचे टोक तेथपर्यंत आलेले असते. जांघेत आणि गुडघ्याच्या मागच्या खोलगट भागात ठोका लागला की बोट बाजूला घ्या.

## टप्पा 7 : दुखरी जागा आणि बोलणे

आता दुखऱ्या जागेवर यायचे, तेही आधी न दुखणाऱ्या बाजूने. दाब दोन्हीकडे सारखा ठेवावा आणि प्रश्न मोकळा असावा : “इथं काय वाटतंय?” “इथं दुखतंय ना?” असे विचारले की भिडस्त माणूस हो म्हणतो. दाबल्यावर होणारे दुखणे हे तुमचे नेहमीचेच दुखणे आहे की नवे, हेही विचारावे. या उत्तराला फार किंमत आहे. दोन तपासनीसांची मते दुखऱ्या जागेबाबत बऱ्यापैकी जुळतात, मणक्याची बारीकशी स्थिती हाताने ठरवण्याबाबत मात्र फारशी जुळत नाहीत.

म्हणूनच बोटाखाली काटा जरा बाजूला लागला की “मणका सरकलाय” असे रुग्णाला सांगू नये. काटे निरोगी माणसातही वाकडे असतात. असे एक वाक्य ऐकून वाकायला, ओझे उचलायला, शेतात जायला वर्षानुवर्षे घाबरणारी माणसे मी तपासली आहेत, आणि ती भीती काढायला जेवढे कष्ट पडले तेवढे मूळ दुखण्याला पडले नव्हते. जे बोटाला लागले तेच सांगावे : “इथला स्नायू घट्ट आहे आणि दाबल्यावर तुमचं नेहमीचं दुखणं येतं.”

## सराव कसा तपासावा

एका आठवड्यात शरीराचा एकच भाग घ्या. खूण सापडली की धुऊन जाणाऱ्या आयब्रो पेन्सिलने त्वचेवर ठिपका काढा, त्याची जागा सोबत्याला पारदर्शक कागदावर उतरवून ठेवायला सांगा, मग तो पुसून टाका आणि दहा मिनिटांनी पुन्हा काढा. दुसरा ठिपका काढल्यावर दोघांमधले अंतर मिलिमीटरमध्ये मोजून वहीत लिहा. त्यानंतर सोबत्याने तुमचा ठिपका न पाहता स्वतःचा काढावा आणि तेही अंतर मोजावे. ठिपका काढताना आणि तपासताना रुग्णाची स्थिती एकच हवी. बसवून काढलेला ठिपका पालथे झोपवल्यावर हाडावरून सरकलेला असतो, कारण त्वचा हलते, हाड तेथेच असते.

एकाच मित्राच्या पाठीवर शंभर वेळा सराव केला तर फक्त त्याची पाठ पाठ होते. बारीक माणूस, स्थूल माणूस, वृद्ध, व्यायाम करणारा, बैठे काम करणारी, अशा निदान दहा वेगवेगळ्या शरीरांवर तीच खूण शोधा. वहीत प्रत्येकाच्या नावाऐवजी क्रमांक, शरीराची ठेवण, स्थिती, खूण कोणत्या दोन मार्गांनी पक्की केली आणि किती वेळ लागला, एवढे लिहावे. खूण सापडली नाही तर “सापडली नाही” असेच लिहावे आणि पुढच्या वेळी सराव त्याच खुणेपासून सुरू करावा.